बूर्ज गावचा वाडा

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. श्रोतेहो, फ्रान्सच्या मध्यभागी बूर्ज नावाचे जुने शहर आहे. तिथल्या एका दगडी वाड्याची हकिगत ऐकली, म्हणजे ही म्हण निराळ्याच अर्थाने पटते.

वाड्याचा धनी झाक क्यर. बाप केसाळ कातड्यांचा व्यापारी. मुलाने व्यापार वाढवला. त्याची गलबते भूमध्य समुद्र ओलांडून मसाले नि रेशीम आणू लागली. अलेक्झांड्रियाच्या बाजारातली मिरी तर आपल्या मलबारातूनच तिकडे जाई. पुढे सातव्या शार्ल राजाने त्याला आपल्या कोठीचा कारभारी नेमले.

1443 च्या सुमारास त्याने वाडा बांधायला घेतला. गावाच्या जुन्या रोमन तटाचे बुरूज त्याने वाड्यातच सामावून घेतले. फ्रेंच भाषेत ‘क्यर’ म्हणजे काळीज, आणि संत झाकची खूण शिंपला. म्हणून जिकडे पाहावे तिकडे बदाम आणि शिंपले कोरलेले! एके ठिकाणी गलबतही आहे. दर्शनी भिंतीवर खोट्या खिडक्या केल्या असून त्यांतून दगडाचे एक पुरुष नि एक स्त्री डोकावताहेत. जणू धनी कधी येतो म्हणून वाट पाहताहेत.

धन्याला मात्र हे सुख लाभले नाही. नॉर्मंडी प्रांत इंग्रजांकडून परत घेण्यासाठी 1449 साली राजाने मोहीम काढली. तिला झाकने मोठे कर्ज दिले. मोहीम फत्ते झाली. दरबारातले कित्येक मानकरीही त्याचे देणेकरी होते. वाडा पुरा होतो न होतो, तोच 1451 च्या जुलैत राजाने त्याला कैद केले. राजाची प्रेयसी आन्येस सोरेल हिला विष घातल्याचा आळ आला. तो काही शाबीत झाला नाही. पण दुसरे आरोप तयारच होते. 1453 साली जबर दंड झाला, मालमत्ता जप्त झाली. 1454 मध्ये तो कैदेतून निसटून रोमला पोपच्या आश्रयाला गेला आणि 1456 साली दूर किऑस बेटावर वारला.

इतिहासात सातव्या शार्लला ‘विजयी’ म्हणतात. शिक्षकबंधूंनो, वर्गात कुठल्याही राजाची मोहीम शिकवाल, तेव्हा मुलांना एवढे जरूर विचारा : या मोहिमेला पैसा कोणी पुरवला, आणि पुढे त्याचे काय झाले?

1923 साली फ्रेंच सरकारने तो वाडा विकत घेतला. आज कोणीही तो पाहू शकतो. खिडकीतली ती दोघे अजून रस्त्याकडे पाहत उभी आहेत.