उत्तराचे अंतर

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या कुशीत वसलेला यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पांढरकवड्यावरून याच जिल्ह्यातून जातो. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत कोलाम व गोंड बांधवांच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा मुलखात आजार रस्त्याने येतो, मजुरीसाठी परगावी गेलेल्या माणसाबरोबर घरी येतो. त्याची ओळख पटविणारे साधन मात्र खेड्यापर्यंत पोहोचावयास फार वर्षे लागली. एच. आय. व्ही.च्या रक्तचाचणीने शहरातील प्रयोगशाळेतून गावच्या उपकेंद्रापर्यंत केलेल्या या प्रवासाची हकिकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

अमेरिकेत १९८५ साली एलायझा पद्धतीच्या पहिल्या चाचणीला परवाना मिळाला. त्यानंतर वर्षभरातच, १९८६ मध्ये, भारतातील पहिले संसर्ग उघडकीस आले. मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला सेल्लप्पन या विद्यार्थिनीने रक्ताचे नमुने गोळा केले. ते तपासण्याची सोय मद्रासमध्ये नव्हती. नमुने घरच्या फ्रिजमध्ये जपून ठेवावे लागले आणि रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात न्यावे लागले. तेथे सहा नमुन्यांत दोष आढळला. म्हणजे या देशातील पहिल्या निदानालाही रक्त एका गावी आणि उत्तर दुसऱ्या गावी, हीच अडचण होती. मद्राससारख्या महानगराची ही स्थिती, तर झरी-जामणीची काय असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

एलायझा ही भरवशाची चाचणी खरी. परंतु तिचा स्वभाव शहरी आहे. तिच्या तबकडीत शहाण्णव खळगे असतात. एकदोन नमुन्यांसाठी ती लावणे परवडत नाही, म्हणून पुरेसे नमुने साठेपर्यंत थांबावे लागते. तिला अखंड वीज, शीतपेटी, निकाल वाचणारे यंत्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि काही तासांचा अवधी लागतो. शिवाय नव्वदच्या दशकात रक्त तपासले जाई ते मुख्यतः रक्तपेढीतील बाटली सुरक्षित राहावी म्हणून. ज्याचे रक्त, त्याला उत्तर मिळावे आणि पुढचा मार्ग दिसावा, ही व्यवस्था मागाहून आली. स्वेच्छा समुपदेशन व चाचणी केंद्रे १९९७ पासून उघडू लागली. तीही आरंभी मोठ्या रुग्णालयांतच. खेड्यातील मजुराला तेथे जावयाचे तर एक दिवसाची मजुरी बुडे, एस. टी.चे भाडे पडे. निकालासाठी पुन्हा यावे लागले, तर हाच खर्च दुप्पट होई. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत असे दोन दिवस कोण देणार? रक्त देऊन गेलेली अनेक माणसे उत्तरासाठी परत येत नसत, यात नवल नाही.

हे अंतर कमी केले ते शीघ्र चाचण्यांनी. अमेरिकेतील सिएटल येथील ‘पाथ’ या संस्थेने नव्वदच्या दशकात कमी खर्चाची पट्टी-चाचणी विकसित केली व तिचे तंत्र भारतासह काही विकसनशील देशांतील उत्पादकांना दिले. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात डॉ. विजय चौधरी यांच्या गटाने रक्ताच्या थेंबातील गुठळ्या नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात अशी चाचणी तयार केली. या सर्वांमागील तत्त्व एकच. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पट्टीवर त्या विषाणूची ओळखखूण लावून ठेवलेली असते. रक्तात प्रतिपिंडे असतील तर ती तेथे चिकटतात आणि रंगीत रेघ किंवा ठिपका उमटतो. नियंत्रणाची आणखी एक रेघ असते. ती उमटली नाही, तर चाचणी बाद धरावयाची. बोटाला टोचून घेतलेला थेंब आणि सुमारे अर्धा तास एवढेच पुरे. वीज गेली तरी काम अडत नाही.

या अर्ध्या तासाचे मोल काय, हे यवतमाळच्या शेजारीच, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे दिसून आले. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात २००६ साली डॉ. नितिका पंत पै व तेथील डॉक्टरांनी प्रसूतिकक्षातच शीघ्र चाचणीची सोय केली. ती चोवीस तास चालू होती. कारण बाळाचा जन्म प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. या चाचणीत रक्ताऐवजी हिरडीवरून घेतलेला तोंडातील द्रव वापरला होता. नऊ महिन्यांत नऊशेहून अधिक स्त्रियांनी समुपदेशनानंतर चाचणी करून घेतली. ज्यांना लागण आढळली, त्यांपैकी बहुतेकींना ती तेथेच प्रथम कळली. उपचार न मिळाल्यास लागण झालेल्या शंभर मातांपैकी पंधरा ते पंचेचाळीस मातांच्या बाळांना संसर्ग होऊ शकतो. औषधे वेळेवर मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली आणता येते. प्रसूतीपूर्वी मिळालेले उत्तर आणि आठवड्यानंतर मिळालेले उत्तर यांत एका आयुष्याचे अंतर असते, ते असे.

पुढे हीच पट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत पोहोचली. तेथे होणारी चाचणी प्राथमिक असते. संशय आला तर व्यक्तीला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पाठवितात आणि वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच निदान पक्के मानतात. पट्टीलाही मर्यादा आहेत. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर प्रतिपिंडे दिसत नाहीत. नवजात बाळात आईचीच प्रतिपिंडे असतात, म्हणून त्याच्या रक्ताचे वाळलेले ठिपके दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले आणि २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले. त्यामुळे चाचणीला खरा अर्थ प्राप्त झाला. औषध नसताना उत्तर म्हणजे केवळ शिक्षा होती.

मात्र चाचणी जवळ आली, तसे शेजाऱ्यांचे कानही जवळ आले. शहरातील रुग्णालयात माणूस गर्दीत हरवून जातो. उपकेंद्राच्या ओट्यावर त्याला सारे गाव ओळखते. नाव फुटले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. एका रोजंदारी कामगाराला संसर्गाच्या कारणावरून काम नाकारले गेले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. न्याय मागतानाही त्याला स्वतःचे नाव झाकून ठेवण्याची मुभा द्यावी लागली. संसदेने २०१७ साली केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा संमतीवाचून चाचणी व संमतीवाचून वाच्यता या दोहोंना मनाई करतो. तथापि गावच्या पारावरची कुजबुज कायद्याला ऐकू येत नाही.

यावर आरोग्यसेविकांच्या कामातच एक साधा उपाय दडलेला आहे. गरोदर स्त्रीचे वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन यांबरोबरच ही चाचणीही केली जाते. सर्वांचीच होत असल्याने कोण कशासाठी आले, हे बाहेरून कळत नाही. उरते ते आपल्याकडे. उपकेंद्रातून परतणाऱ्या सुनेला, शेजारणीला वा गड्याला ‘काय निघाले?’ असे विचारावयाचे नाही, आणि ज्याने आपण होऊन सांगितले त्याला ताटावरून उठवावयाचे नाही. पट्टीने उत्तर दाराशी आणले आहे. ते ऐकून घरी परतणाऱ्या माणसासाठी दार उघडे ठेवणे, हे काम घरांनीच करावयाचे आहे.