परिषदेने स्वीकारलेला शोधनिबंध : देवटेक, वाशीम आणि राजुऱ्यातील इतिहाससंशोधन

प्रस्तावना

परिषदेत शोधनिबंध सादर करणे हा आज महाविद्यालयीन अध्यापकाच्या सेवाजीवनाचा एक अपरिहार्य भाग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांची सांगड गुणांकनाशी घातली. निकृष्ट नियतकालिकांना आळा घालण्यासाठी तयार केलेली आयोगाची 'केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी पुन्हा अध्यापक व संस्था यांच्यावर आली. अशा वेळी निबंध 'कोठे' द्यावा याची चर्चा पुष्कळ होते; निबंध 'कशामुळे' स्वीकारला जातो याची मात्र फारशी होत नाही. प्रस्तुत लेखात विदर्भातील दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून राजुरा परिसरातील संशोधनाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

परिषदांची पार्श्वभूमी

इतिहास व प्राच्यविद्या या क्षेत्रांतील अखिल भारतीय परिषदांचा उगम महाराष्ट्रातच झाला. १९१७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरविली. १९३५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने पुण्यातच भरलेल्या परिषदेतून पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस उभी राहिली. निबंध तज्ज्ञांसमोर वाचावा, त्यावर चर्चा व्हावी आणि निवडक निबंध इतिवृत्तात छापले जावेत, ही या परिषदांची रीत होय. म्हणून परिषदेची स्वीकृती म्हणजे केवळ प्रमाणपत्र नव्हे. आपले प्रतिपादन इतरांनी तपासावे यासाठी मिळालेली ती संधी असते.

देवटेकचा शिलालेख

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, नागभीड परिसरात देवटेक हे लहानसे गाव आहे. तेथील कोरीव लेख असलेल्या शिळेची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी केली होती. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशोकाच्या लेखांच्या खंडातही त्यांनी तिचा समावेश केला. म्हणजे शिळा अज्ञात नव्हती. पण तिचा उलगडा समाधानकारक झालेला नव्हता.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९३५ मध्ये म्हैसूर येथील आठव्या प्राच्यविद्या परिषदेसाठी याच शिळेवर निबंध लिहिला. देवटेकच्या लेखांवर नवा प्रकाश टाकणे एवढाच दावा त्यांनी शीर्षकात केला होता. शिळेवर दोन भिन्न काळांतील लेख आहेत, असे त्यांनी दाखविले. पहिला प्राकृत लेख प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा असून त्यांनी त्याचा संबंध अशोककालीन धर्ममहामात्राशी जोडला. दुसरा संस्कृत लेख धर्मस्थानाविषयी असून तो त्यांनी वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याचा मानला. दोन्ही लेखांत येणारे गावाचे नाव त्यांनी जवळच्या चिकमारा या गावाशी जुळविले.

या निबंधाची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. साधन एकच आणि प्रत्यक्ष पाहता येणारे, प्रश्न मर्यादित, पूर्वसूरींचे कार्य स्पष्टपणे नमूद केलेले, आणि स्थलनिश्चितीसाठी परिसराच्या भूगोलाचा आधार घेतलेला. म्हैसूरला जमलेल्या विद्वानांनी देवटेक पाहिले असण्याची शक्यता कमीच होती. तरीही पुरावा व युक्तिवाद यांच्या बळावर त्यांना निष्कर्ष पडताळता येत होता.

वाशीमचे ताम्रपट

१९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या ३७ व्या राज्यवर्षातील ताम्रपट उजेडात आले. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे व डी. बी. महाजन यांनी त्याच वर्षी कलकत्ता येथील इंडियन हिस्टरी काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे स्वतंत्र अस्तित्व या ताम्रपटांमुळे स्पष्ट झाले. पुढे मिराशी व महाजन यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या २६ व्या खंडात त्यांचे पुन्हा संपादन केले.

परिणाम एवढ्यावरच थांबला नाही. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात ब्यूलर यांनी 'पृथिवीषेण' असे वाचले होते. मिराशी यांनी तेथे 'विंध्यसेन' हे नाव निश्चित केले. हे सुधारित वाचन १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. एका परिषदेतील निबंधाने आधीचे सर्वमान्य वाचन पुन्हा तपासण्यास भाग पाडले, हे त्याचे खरे यश होय.

राजुऱ्याच्या संदर्भात

राजुरा परिसरात अशा प्रश्नांची उणीव नाही. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेत राजुरा आदिलाबादमध्ये, तर १९६१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्यात सापडतो. ही बाब न पाहता चांदा जिल्ह्याच्या दोन दशकांच्या आकड्यांची तुलना केल्यास वाढ कोणती आणि हद्दबदल कोणता, हे कळणार नाही. हैदराबाद संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू असल्याने येथील जुनी कागदपत्रे वाचण्यासाठी त्या भाषेच्या जाणकाराचे साहाय्यही घ्यावे लागते.

असे असूनही 'आदिवासी विकास : एक अभ्यास' यांसारख्या व्यापक शीर्षकाचे निबंध आपल्याकडून अधिक लिहिले जातात. त्यांत माहिती असते, पण प्रश्न नसतो. याउलट 'राजुरा तालुका १९५९ मध्ये नांदेड जिल्ह्यातून का वेगळा करण्यात आला ?' हा प्रश्न लहान असला तरी शासकीय अधिसूचना, गॅझेटियर, जनगणना अहवाल व जमीनमहसुलाची कागदपत्रे यांच्या आधारे त्याचे उत्तर शोधता येते. राजुऱ्यातूनच पुढे वेगळ्या झालेल्या जिवती तालुक्यातील सीमावर्ती गावांवर दोन राज्यांनी हक्क सांगितला आहे. तेथील रहिवाशांना जमिनीच्या हक्कासाठी जुन्या कागदाचाच आधार शोधावा लागतो. हे पाहता असे संशोधन केवळ गुणांकनापुरते उरत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, परिषदेत टिकणारा निबंध विषयाच्या व्यापकतेवर नव्हे, तर साधनाच्या नेमकेपणावर उभा असतो. दुसरी, पूर्वीच्या अभ्यासकांनी काय सांगितले आणि आपण त्यात कोणती भर किंवा दुरुस्ती करतो, हे आरंभीच सांगणे आवश्यक असते. तिसरी, स्थानिकता ही संशोधकाची मर्यादा नसून त्याचे भांडवल आहे. देवटेकजवळचे चिकमारा ज्याला ठाऊक होते, त्यालाच त्या शिळेवरील गावाचे नाव ओळखता आले. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर या दोन जिल्ह्यांतील अध्यापकांना आपल्या परिसराचा इतिहास लिहिण्यासाठी जवळचे व्यासपीठ मिळाले आहे. त्या व्यासपीठावरून कोणता प्रश्न घेऊन उभे राहायचे, हे मात्र प्रत्येक अध्यापकाने स्वतःच ठरवावयाचे आहे.