दुकानदाराचा शब्द

बाजाराचा इतिहास बहुधा वस्तूंच्या आणि किमतींच्या अंगाने लिहिला जातो. विक्रेता काय बोलत होता याची नोंद कोणी ठेवत नाही. आम्हा भाषेच्या मंडळींना मात्र तोच भाग मोलाचा वाटतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाइकाच्या जिभेवर ते नाव रुळले नाही) आधी रेडिओचे आणि पुढे संगणकाचे सुटे भाग घेणारा माणूस वस्तूबरोबर एक वाक्यही विकत घेई: 'काही झालं तर घेऊन या, मी बसलोय.' छापील वॉरंटी कार्डाहून या वाक्याचे वजन अधिक. त्यासाठी तो चार पैसे जास्तही मोजी. इंटरनेटने आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात सर्वांत मोठी उलथापालथ केली ती या वाक्याची, असे आमचे म्हणणे आहे.

ती एका दिवसात झाली नाही. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २००० साली 'बाझी डॉट कॉम' हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले. २००७ साली बंगळुरात सुरू झालेल्या फ्लिपकार्टने आरंभ केला तो पुस्तकांपासून, आणि हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पुस्तक कोठूनही घ्या, मजकूर तोच. तेथे दुकानदाराच्या शब्दाची गरज नाही. मोबाइल फोनचे तसे नव्हते. न पाहिलेल्या विक्रेत्याला हजारो रुपये आधीच देताना गिऱ्हाईक बिचकत होते. २०१० साली कंपनीने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि ही भीती बरीच कमी झाली. म्हणजे नव्या बाजाराने जुन्याचीच रीत उचलली: या हाताने द्या, त्या हाताने घ्या.

खरे वळण २०१४ चे. फेब्रुवारीत मोटोरोलाचा मोटो जी केवळ फ्लिपकार्टवर मिळू लागला. जुलैत शाओमी या चिनी कंपनीने आपला मी ३ हा फोन १३,९९९ रुपयांना त्याच वाटेने आणला. वितरकापासून दुकानदारापर्यंतची साखळी गळाल्याने प्रत्येकाचे कमिशन वाचले. आधी नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी पडद्यासमोर बसायचे. माल पहिल्यांदा काही मिनिटांत आणि पुढे काही सेकंदांत संपला. रांग होती, पण पुढचा-मागचा दिसत नव्हता. ६ ऑक्टोबर २०१४ च्या महाविक्रीत संकेतस्थळ कोलमडले, अनेकांच्या मागण्या रद्द झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांचे क्षमापत्र ग्राहकांना ईमेलने आले. दुकानदाराला शब्द मोडताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहावे लागे. येथे एकच पत्र सर्वांना पुरले.

मग दुकानदाराच्या शब्दाची जागा कोणी घेतली? अनोळखी लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांनी, ताऱ्यांनी, रॅम-मेगापिक्सेलच्या तक्त्यांनी. गिऱ्हाईक ऐकणारे होते, ते वाचणारे झाले. दुकानात जाऊन वस्तू हाताळायची, शंका विचारायच्या आणि खरेदी घरी येऊन करायची, हेही रूढ झाले. दुकानदाराचे ज्ञान असे फुकट वापरले जावे, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. तरीही जुन्या बाजाराविषयी हळवे होण्याचे कारण नाही. कपडे आणि चपला पाहून भाव सांगणाराही तोच होता, आणि तालुक्याच्या गावी तो ठेवील तेच घ्यावे लागे. पडद्यावरचा भाव निदान चपला पाहून ठरत नव्हता.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींनंतर सरकारने नियम कडक केले. परकीय गुंतवणूक असलेल्या संकेतस्थळांना 'माल फक्त आमच्याकडेच विका' अशी सक्ती विक्रेत्यावर करण्यास १ फेब्रुवारी २०१९ पासून मनाई झाली. पण त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाओमीने बंगळुरात भारतातले आपले पहिले दुकान थाटले होते. न पाहता फोन घेणाऱ्यांची संख्या वाढत असली, तरी हातात घेऊन पाहणारे गिऱ्हाईक अजून फार मोठे होते. पडद्यावर वाढलेल्या कंपनीलाही मग काउंटरमागे माणूस उभा करावा लागला. तो पगारी होता. वर्षभराने तेथे तोच असेल, याची हमी त्यालाही देता आली नसती.