निमंत्रणाचा कागद

३ मार्च २०१४. न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेच्या बैठकीत रशियाचे प्रतिनिधी विताली चुर्किन यांनी एका पत्राची छायाप्रत सर्वांना दिसेल अशी वर धरली. पत्रावर तारीख होती १ मार्च आणि सही होती व्हिक्टर यानुकोविच यांची. युक्रेनमध्ये कायद्याचे राज्य पुन्हा आणण्यासाठी रशियाने आपले सैन्य वापरावे, अशी त्यात विनंती होती. यानुकोविच हे युक्रेनचे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष. पण पत्र लिहिले त्या दिवशी ते रशियात होते. आठवडाभरापूर्वी त्यांनी कीव सोडले होते आणि संसदेने त्यांना पदावरून दूर केले होते. क्रिमियातील विधिमंडळाची इमारत तर २७ फेब्रुवारीलाच बिनचिन्हांच्या गणवेशातील सशस्त्र सैनिकांनी ताब्यात घेतली होती. पाहुणे दोन दिवस आधी येऊन बसले होते. आमंत्रण मागाहून आले.

युक्रेनवरील युद्धाची चर्चा बहुधा नाटोचा विस्तार, प्राचीन कीव राज्याचा वारसा, सोव्हिएत संघाचे विघटन अशा मोठ्या विषयांभोवती फिरते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु शेजारी राष्ट्रावर चाल करून जाणाऱ्या सत्तांचा इतिहास एका लहानशा वस्तूतूनही वाचता येतो. ती वस्तू म्हणजे आक्रमणापूर्वी, आक्रमणाबरोबर किंवा सोयीनुसार आक्रमणानंतर तयार होणारा निमंत्रणाचा कागद.

या परंपरेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अठराव्या शतकातील पोलंडचे. ३ मे १७९१ रोजी पोलंड-लिथुआनिया राज्याने नवी राज्यघटना स्वीकारली. एकेका सरदाराला संपूर्ण संसदेचे काम रोखून धरता येईल असा जुना नकाराधिकार तिने रद्द केला. दुबळा शेजारी सबळ होण्याची ही चिन्हे रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिला रुचणे शक्यच नव्हते. ज्यांचे विशेषाधिकार घटनेमुळे जाणार होते, त्या पोलिश सरदारांपैकी पोतोत्स्की, ब्रानित्स्की आणि झेवुस्की हे सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. तेथे एप्रिल १७९२ मध्ये एक जाहीरनामा सिद्ध झाला. ‘प्राचीन स्वातंत्र्य’ वाचवण्यासाठी सम्राज्ञीने साहाय्य करावे, ही त्यातील याचना. कागद रशियाच्या राजधानीत तयार झाला. मात्र घोषणा १४ मे रोजी तार्गोवित्सा या सरहद्दीवरील गावी झाली असे दाखवण्यात आले. चारच दिवसांनी, १८ मे रोजी, रशियाच्या सुमारे एक लाख सैन्याने सीमा ओलांडली.

निमंत्रण देणाऱ्यांना काय मिळाले? जुने स्वातंत्र्य मिळाले नाहीच; १७९३ मध्ये रशिया आणि प्रशिया यांनी पोलंडचा दुसरा लचका तोडला. आपल्या याचनेची परिणती देशाच्या फाळणीत होईल अशी या सरदारांची कल्पना नव्हती. १७९४ च्या उठावात त्यांच्यापैकी काही जणांना फाशी देण्यात आली. जे हाती लागले नाहीत त्यांची चित्रे वॉर्सात फासावर लटकवण्यात आली. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून नाहीसा झाला तो १२३ वर्षांसाठी. पोलिश भाषेत ‘तार्गोवित्सा’ हा शब्द आजही देशद्रोहाचा पर्याय म्हणून वापरला जातो. ते गाव सध्या युक्रेनमध्ये आहे.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. ज्याच्याजवळ लाखाची फौज आहे, त्याला कागदाची गरज काय? याचे उत्तर सार्वभौमत्वाच्या कल्पनेत आहे. दुसऱ्याच्या हद्दीत संमतीवाचून सैन्य नेणे म्हणजे आक्रमण, परंतु तेथील शासनाच्या विनंतीवरून नेणे म्हणजे साहाय्य. सैनिक तेच, रणगाडे तेच. फरक फक्त संमतीचा. १९४५ च्या संयुक्त राष्ट्र सनदेने बळाचा वापर निषिद्ध ठरवला, तेव्हा या संमतीचे मोल आणखी वाढले. स्वसंरक्षण सिद्ध करण्यासाठी आधी हल्ला झालेला असावा लागतो. सुरक्षा परिषदेची अनुमती मिळवायची तर तेथे इतरांचा नकाराधिकार आडवा येतो. संमतीसाठी मात्र एक सही पुरते, आणि सही करणारा माणूस घडवता येतो.

विसाव्या शतकात हे ‘घडवणे’ टेलिफोनवरून होऊ लागले. ११ मार्च १९३८ च्या संध्याकाळी बर्लिनहून हेर्मान गोअरिंग व्हिएन्नातील आपल्या माणसाला एका तारेचा मजकूर सांगत होता: ऑस्ट्रियाचे हंगामी सरकार शांतता राखण्यासाठी जर्मन सैन्य पाठवण्याची विनंती करीत आहे. तार आर्थुर झाईस-इन्क्वार्ट याच्या नावे यायची होती. तार प्रत्यक्ष पाठवण्याचीही आवश्यकता नाही, तो ‘मान्य’ एवढे म्हणाला तरी पुरे, असे गोअरिंगने सुचवले. तेवढ्या होकारावर काम भागले. सैन्य घुसवण्याच्या आदेशावर हिटलरची सही त्याच संध्याकाळी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन तुकड्या ऑस्ट्रियात होत्या. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते गोअरिंगच्याच हाताखालील टेलिफोन-पाळत खात्यामुळे. त्याने या संभाषणांच्या नोंदी नेमाने करून ठेवल्या आणि न्युरेंबर्गच्या खटल्यात त्या गोअरिंगसमोरच पुरावा म्हणून वाचल्या गेल्या. दफ्तर नीट ठेवण्याची सवय अशीही अंगाशी येते.

निमंत्रण द्यायला कोणी सापडले नाही तर? १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले तेव्हा मॉस्कोने वेगळी वाट काढली. पोलिश राज्यच अस्तित्वात उरलेले नाही, सबब तेथील युक्रेनी आणि बेलारूसी बांधवांचे रक्षण करणे भाग आहे, असा खलिता पोलंडचे राजदूत वात्सवाव ग्झिबोव्स्की यांच्यापुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. परिणाम काहीच बदलला नाही. पण आपल्या राज्याच्या मृत्यूचा दाखला त्या राज्याच्या राजदूताने स्वतःच्या हाताने घेतला नाही, ही नोंद राहिली.

त्याच वर्षी फिनलंडच्या बाबतीत तर संपूर्ण सरकारच नवे बनवण्यात आले. ३० नोव्हेंबरला आक्रमण झाले आणि दुसऱ्याच दिवशी सीमेलगतच्या तेरियोकी गावी, मॉस्कोत राहणारे फिनिश कम्युनिस्ट ओटो विले कूसिनेन यांच्या नेतृत्वाखाली ‘फिनलंडचे लोकशाही प्रजासत्ताक’ जाहीर झाले. २ डिसेंबरला सोव्हिएत संघाने त्याच्याशी मैत्रीचा करार केला. राष्ट्रसंघाने जाब विचारला तेव्हा मोलोतोव्ह यांचे उत्तर तयार होते: फिनलंडशी आमचे युद्ध चाललेलेच नाही, आमचे तर त्यांच्याशी सख्य आहे. १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला बाहेर काढले. फिन लोकांनी अपेक्षेपलीकडे झुंज दिली आणि मार्च १९४० मध्ये तह करण्याची वेळ आली, तेव्हा मॉस्कोने तो कूसिनेन यांच्याशी केला नाही. तो झाला हेलसिंकीतील खऱ्या सरकारशी. तेरियोकीचे सरकार कोणीही निरोप न देता अदृश्य झाले. तहाने गेलेल्या कारेलियातून चार लाखांहून अधिक माणसांना मात्र घरदार सोडून निघावे लागले.

निमंत्रणाच्या कागदांमध्ये सर्वांत चमत्कारिक प्रवास घडला तो १९६८ च्या चेकोस्लोव्हाकियातील पत्राचा. २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातील देशांच्या फौजा त्या देशात शिरल्या. चेकोस्लोव्हाकियाच्या पक्षातील आणि शासनातील नेत्यांनीच मदत मागितली होती, असे दुसऱ्या दिवशी ‘तास’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेने जाहीर केले. कोणत्या नेत्यांनी? नावे दिली नाहीत. पक्षाच्या अध्यक्षमंडळाने त्याच रात्री आक्रमणाचा निषेध केला होता आणि परराष्ट्रमंत्री यिर्शी हायेक यांनी न्यूयॉर्कला जाऊन कोणीही बोलावले नसल्याचे सांगितले. पुढची दोन दशके लोक तर्क करीत राहिले. १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी मॉस्कोच्या दफ्तरखान्यातील एक पाकीट वात्स्लाव हावेल यांच्या स्वाधीन केले, तेव्हा उलगडा झाला. वासिल बिल्याक आणि त्याचे चार सहकारी यांच्या सह्यांचे ते पत्र होते. भाषा रशियन. ३ ऑगस्टला ब्रातिस्लाव्हातील परिषदेच्या वेळी ते स्वच्छतागृहात गुपचूप सोव्हिएत हाती गेले होते. एका सार्वभौम राष्ट्राची ‘संमती’ ज्या ठिकाणी दिली गेली, ते ठिकाण पुरेसे बोलके आहे. त्या आक्रमणात शंभरांहून अधिक नागरिक मारले गेले. सोव्हिएत सैन्य परतले ते १९९१ मध्ये. बिल्याक २०१४ पर्यंत जगला. त्याला कोणतीही शिक्षा झाली नाही.

अफगाणिस्तानात तर यजमानच मारला गेला. हफीझुल्ला अमीन यांच्या सरकारने १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य मागितले होते, हे खरे आहे. सैन्य आले आणि २७ डिसेंबरला सोव्हिएत तुकड्यांनीच काबूलच्या ताजबेग राजवाड्यावर हल्ला करून अमीन यांना ठार केले. सत्तेवर बसवलेल्या बबराक कारमाल यांनी मग नव्याने निमंत्रण दिले. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी परकीय सैन्य माघारी घेण्याच्या ठरावाला पाठिंबा दिला. भारत तटस्थ राहिला. विनंती प्रथम अमीन यांनी २६ डिसेंबरला केली आणि नंतर त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी, असे सोव्हिएत आश्वासन भारताच्या प्रतिनिधीने सभागृहात सांगितले. एक दिवस आधी बोलावणारा माणूस दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या हातून कसा मरतो, हा प्रश्न त्या भाषणात आला नाही. मैत्रीपोटी राष्ट्रे किती भोळी होऊ शकतात, याचे हे आपल्या घरातले उदाहरण.

हे सारे मॉस्को आणि बर्लिनपुरते मर्यादित मानणे चुकीचे ठरेल. १९८३ मध्ये ग्रेनाडावर उतरलेल्या अमेरिकेनेही त्या बेटाच्या गव्हर्नर-जनरलच्या पत्राचा आधार सांगितला. पत्रावरची तारीख आक्रमणाच्या आधीची होती, सही नंतरची. १९९० मध्ये कुवेत गिळणाऱ्या इराकनेही एका ‘हंगामी मुक्त सरकार’च्या विनंतीचा हवाला दिला आणि आठवडाभरात ते सरकार कुवेतसह इराकमध्ये विलीन करून टाकले.

प्रत्येक निमंत्रण बनावट असते, असाही याचा अर्थ नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवचे अध्यक्ष गयूम यांनी भाडोत्री बंडखोरांविरुद्ध मदत मागितली. भारतीय छत्रीधारी सैनिक त्याच रात्री तेथे उतरले आणि काम संपताच बहुतेक तुकड्या परतल्या. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानचे अध्यक्ष तोकायेव यांनी दंगली आवरण्यासाठी रशियाप्रणीत संघटनेचे सैन्य बोलावले. ते दोन आठवड्यांच्या आत परत गेले. या दोन्ही वेळी बोलावणारा स्वतःच्या राजधानीत, स्वतःच्या पदावर होता आणि पाहुणे निघून गेल्यावरही तो तेथेच राहिला. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढी कसोटी पुष्कळ उपयोगी पडते: कागद कोठे लिहिला गेला, लिहिणारा त्या वेळी कोणाच्या छत्राखाली होता आणि नंतर त्याचे काय झाले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १९८६ च्या निकारागुआ खटल्यात हीच गाठ सोडवली. विरोधी गटाच्या विनंतीवरून परकीय हस्तक्षेप वैध मानला, तर हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वाला काही अर्थच उरणार नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य.

कझाकस्तानातून सैन्य परतल्यावर सुमारे महिनाभराने, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनच्या पूर्वेकडील दोनेत्स्क आणि लुहान्स्क येथील फुटीर ‘प्रजासत्ताकां’ना मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी झालेल्या मैत्री-करारांवर रशियन संसदेने शिक्कामोर्तब केले. २३ तारखेच्या रात्री दोन्ही प्रमुखांची मदतीची पत्रे आल्याचे क्रेमलिनने सांगितले. २४ फेब्रुवारीच्या पहाटे व्लादिमिर पुतिन यांनी ‘विशेष लष्करी मोहीम’ जाहीर केली, तेव्हा त्यांनी सनदेच्या ५१ व्या कलमाचा आणि या करारांचा आधार सांगितला. मान्यता, करार, विनंती आणि हल्ला हे सारे चार दिवसांत आटोपले. कूसिनेन यांच्या सरकारची घाईदेखील यापुढे संथ वाटावी.

२ मार्चला आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला. पाच विरोधात, ३५ तटस्थ. भारत पुन्हा तटस्थांत होता. १६ मार्चला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध दोन मतांनी मोहीम थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. तो पाळला गेला नाही.

ज्या दोन राज्यांच्या स्वातंत्र्यासाठी हे सैन्य निघाल्याचे सांगितले गेले, ती राज्ये ३० सप्टेंबर २०२२ रोजी क्रेमलिनच्या सभागृहात, खेरसोन आणि झापोरिझ्झिया या आणखी दोन प्रांतांबरोबर, रशियाला जोडून घेण्यात आली. मान्यता मिळून त्यांना तेव्हा सव्वासात महिने झाले होते. सहायाचक पत्रे लिहिणारे दोन्ही प्रमुख सह्यांसाठी पुतिन यांच्यासोबत मेजाशी बसले होते. त्या दिवशी रशियाने आपले म्हणून जाहीर केलेल्या प्रदेशाचा काही भाग तर त्याच्या सैन्याच्या ताब्यातही नव्हता. तो मिळवण्यासाठीची लढाई अजून सुरू आहे.