दिव्यांग व अध्ययन-अक्षम मुलांचे शालेय शिक्षण : जळगाव व धुळे जिल्हे

जळगाव (15 तालुके) आणि धुळे (4 तालुके) या खानदेशातील जिल्ह्यांत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था दोन खात्यांत विभागलेली आहे. अंध, मूकबधिर व बौद्धिक अक्षम मुलांच्या विशेष शाळा परंपरेने समाजकल्याण विभागाच्या देखरेखीखाली राहिल्या. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर 2022 मध्ये झाला. गावच्या नेहमीच्या शाळेत शिकणारी मुले मात्र शिक्षण विभागाच्या समावेशित शिक्षण उपक्रमात मोडतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः या दुसऱ्या गटाविषयी आहे.

कायदा : 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले आणि अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांना त्यात जागा मिळाली. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असल्यास गृहाधारित शिक्षण निवडता येते.

विशेष शिक्षक : सगळी व्यवस्था या एका माणसावर उभी आहे. गटसाधन केंद्रातून तो शाळाशाळांत फिरतो, मूल हेरतो, पालकांना तपासणी शिबिरापर्यंत आणतो, कॅलिपर किंवा श्रवणयंत्र मुलाला बसते का ते पाहतो आणि पुढे काय करायचे ते वर्गशिक्षकाला शिकवून जातो. ही माणसे वर्षानुवर्षे करारावर राबली. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे व माध्यमिक स्तरावर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. 2024 मध्ये राज्य शासनाने शाळांच्या दर समूह साधन केंद्राला एक याप्रमाणे 4,860 पदे मंजूर केली. अशा एका केंद्रात अनेक शाळा असतात, हे लक्षात घेता हे पाऊल मोलाचे असले तरी अपुरे आहे.

निदान आणि बोली : खानदेशापुरता हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. येथील मुले घरी अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, गुजरी, भिली किंवा पावरी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठी वाचतात. अहिराणी घरातले पहिलीचे मूल ‘शाळा’ला ‘शाया’ आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते आणि बोलते तसेच लिहिते. श्रुतलेखनाच्या वहीत या शब्दांखाली लाल रेघा येतात. पण तो बोलीचा उच्चार आहे, अक्षमता नव्हे. वाचन-अक्षम मुलाच्या वहीतल्या खुणा वेगळ्या असतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल तिसरी-चौथीतही सुटत नाही, वेलांट्या-उकार गळतात, फळ्यावरून उतरवताना अधली ओळ राहून जाते, तोंडी हिशोब चोख करणारे मूल तेच उदाहरण छापील दिसले की अडते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की नुकसान दुहेरी होते. धडधाकट मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. खरोखर अडलेल्या मुलाविषयी ‘घरी बोली आहे, येईल हळूहळू’ असे म्हणत वर्षे निघून जातात. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने पहिली ते पाचवीसाठी तयार केलेली ‘दाली’ ही चाचणी मराठीत आहे; अहिराणी किंवा पावरीत नाही. म्हणून मुलाची बोली जाणणारा माणूस तपासणीच्या वेळी शेजारी असणे आवश्यक मानावे.

सुविधा : समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद आहे, मुलींना दरमहा 200 रुपये प्रोत्साहन भत्ता 10 महिने मिळतो. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. रॅम्पचे प्रमाण एकास बारा असावे लागते, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायरीला सहा फूट उतार. पायरीवर सिमेंट ओतून केलेल्या चढावर व्हीलचेअर चढत नाही, आणि शौचालयाचे दार अरुंद असेल तर मूल, विशेषतः मुलगी, दिवसभर पाणी न पिता बसते.

सातपुड्याचा पट्टा : रावेर, यावल, चोपडा व शिरपूर तालुक्यांच्या उत्तर भागात पाडे विखुरलेले आहेत आणि जिल्ह्याचे रुग्णालय दूर. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची तपासणी हंगामात हुकते.

स्वमग्नता : स्वमग्न मुलांना लागणाऱ्या वाचोपचाराची सोय मुख्यतः शहरांत आहे.

शाळेनंतर : जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प दिव्यांग तरुणांना उच्च शिक्षण व स्पर्धा परीक्षांसाठी तयार करतो. यजुर्वेंद्र महाजन यांनी उभारलेल्या या संस्थेत राज्याबाहेरूनही विद्यार्थी येतात. शाळेतच गळालेले मूल मात्र येथवर पोहोचत नाही.

परीक्षा सवलती : अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना दहावीला सवलती देण्यास महाराष्ट्राने 1996 मध्ये सुरुवात केली. सुरुवातीची तपासणी केंद्रे मुंबईतील महापालिका रुग्णालयांत असल्याने खानदेशातील पालकांना त्यांचा फारसा उपयोग नव्हता. तासाला 20 मिनिटे जादा वेळ, खालच्या इयत्तेतील लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित अशा बाबींचा या सवलतींत समावेश राहिला आहे. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. वैद्यकीय प्रमाणपत्राला वेळ लागतो. तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी दहावीची वाट न पाहता आठवीतच तपासणी उरकून घ्यावी.