खेळाडू कोणाच्या मालकीचा? : जॉर्ज ईस्टहॅम यांची कारकीर्द आणि इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलमधील करारपद्धती

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा विक्रम, विजेतेपदे आणि गोलसंख्या यांभोवती केंद्रित झालेले दिसते. व्यावसायिक खेळाडू हा वेतन घेऊन श्रम करणारा कामगारही असतो, ही बाब अशा लेखनात अनेकदा दुर्लक्षित राहते. इंग्लंडमधील आघाडीपटू जॉर्ज ईस्टहॅम (१९३६-२०२४) यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. गोलांच्या संख्येत त्यांना मागे टाकणारे अनेक खेळाडू त्याच काळात होऊन गेले. तथापि इंग्लंडमधील खेळाडूचे कायदेशीर स्थान बदलण्यात त्यांच्या नावे चाललेल्या खटल्याचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेऊन, वेतनवाढीच्या हक्काइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, नोकरी सोडण्याचा हक्क मूलभूत असतो, या मुद्द्याची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १८८५ साली फुटबॉलमधील व्यावसायिकतेस अधिकृत मान्यता मिळाली. त्यानंतर क्लबांनी खेळाडूंवर दोन प्रकारची बंधने लादली. पहिले बंधन कमाल वेतनाचे होते. १९०१ मध्ये ही मर्यादा आठवड्याला ४ पौंड ठरविण्यात आली. १९६० मध्येही ती अवघी २० पौंड होती. दुसरे बंधन ‘राखून ठेवणे व हस्तांतर’ या पद्धतीचे होते. खेळाडूचा करार साधारणतः एका हंगामाचा असे. परंतु हंगाम संपल्यावर क्लबने त्याचे नाव ‘राखीव’ यादीत घातले, तर तो लीगमधील अन्य कोणत्याही क्लबकडून खेळू शकत नसे. नवा करार नाकारणाऱ्या खेळाडूस वेतनही मिळत नसे. म्हणजेच नोकरी संपली, पगार थांबला, तरी माणूस मोकळा होत नसे. खेळाडूंच्या वर्तुळात या कराराची संभावना ‘गुलामगिरीचा करार’ अशी केली जाई.

१९०७ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. अ‍ॅस्टन व्हिला क्लबचा खेळाडू किंगाबी याच्या वतीने तिने १९१२ मध्ये या पद्धतीस न्यायालयात आव्हान दिले. परंतु त्यात अपयश आले आणि खर्चाच्या भाराने संघटना डबघाईस आली. पुढे जवळजवळ अर्धशतक असे आव्हान पुन्हा उभे राहिले नाही.

न्यूकॅसलमधील संघर्ष

ईस्टहॅम यांचा जन्म २३ सप्टेंबर १९३६ रोजी ब्लॅकपूल येथे झाला. त्यांचे वडीलही इंग्लंडचे आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. उत्तर आयर्लंडमधील आर्ड्स या क्लबकडून पिता-पुत्र एकत्र खेळले. १९५६ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने त्यांना करारबद्ध केले. ‘इनसाइड फॉरवर्ड’ या जागेवर खेळणारे ईस्टहॅम शरीराने सडपातळ व डावखुरे होते. धसमुसळ्या ताकदीपेक्षा अचूक पास आणि चेंडूवरील नियंत्रण हे त्यांचे बलस्थान होते.

क्लबने दिलेले घर राहण्यायोग्य नव्हते, जोडनोकरी समाधानकारक नव्हती आणि इंग्लंडच्या २३ वर्षांखालील संघाकडून खेळण्याबाबतही मतभेद होते, अशी त्यांची तक्रार होती. अखेर १९५९-६० चा हंगाम संपल्यावर त्यांनी नवा करार करण्यास नकार देऊन बदलीची मागणी केली. क्लबने ती फेटाळली व त्यांचे नाव राखीव यादीत ठेवले. तेव्हा ईस्टहॅम यांनी न्यूकॅसल सोडले आणि देशाच्या दक्षिण भागातील सरे परगण्यात एका परिचिताच्या व्यवसायात बूच विकण्याची नोकरी पत्करली. ऐन उमेदीच्या वयातील एक आघाडीपटू मैदानाबाहेर राहून विक्रेत्याचे काम करतो, हे दृश्यच त्या पद्धतीवरील बोलके भाष्य होते. अनेक महिन्यांच्या ताठरपणानंतर १९६० च्या उत्तरार्धात न्यूकॅसलने ४७,५०० पौंडांच्या मोबदल्यात त्यांना आर्सेनल क्लबकडे सोपविले.

खटला आणि निकाल

आर्सेनलमध्ये प्रवेश मिळाल्याने ईस्टहॅम यांची वैयक्तिक अडचण दूर झाली होती. खटला पुढे चालविण्याची त्यांना निकड नव्हती. त्याच सुमारास, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिला आणि जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली. लवकरच जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड वेतन मिळू लागले. मात्र राखीव यादीची पद्धत कायम राहिली. अधिक वेतन मिळविणारा खेळाडूही क्लबच्या इच्छेशिवाय जागा बदलू शकत नव्हता. म्हणूनच संघटनेने व तिचे सचिव क्लिफ लॉइड यांनी ईस्टहॅम यांना खटला चालू ठेवण्यास प्रवृत्त केले आणि संघटनेने खर्चाचा भार उचलला.

उच्च न्यायालयाच्या चॅन्सरी विभागात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांच्यासमोर हा खटला चालला. ही पद्धत नसेल तर श्रीमंत क्लब सर्व गुणी खेळाडू पळवतील आणि लीगचा समतोल ढासळेल, असा क्लबांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद होता. जुलै १९६३ मध्ये दिलेल्या निकालात न्यायमूर्तींनी ही अडचण विचारात घेतली, परंतु एवढ्या कठोर बंधनास ती पुरेसे समर्थन ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. करार संपलेल्या माणसाला दुसरीकडे काम करण्यापासून रोखणे म्हणजे व्यवसाय-स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध होय, असे त्यांनी जाहीर केले. या निर्णयात दोन बाबी उल्लेखनीय आहेत. पहिली, हस्तांतर-शुल्काचे तत्त्व सर्वस्वी त्याज्य मानले गेले नाही; राखीव यादीशी झालेली त्याची सांगड आक्षेपार्ह ठरली. दुसरी, न खेळलेल्या काळातील वेतनाची ईस्टहॅम यांची मागणी मान्य झाली नाही. म्हणजेच तत्त्वाचा विजय झाला, पण वादीच्या हाती आर्थिक भरपाई आली नाही.

निकालाचे दूरगामी परिणाम

या निकालाने खेळाडू एका रात्रीत स्वतंत्र झाले, असे समजणे इतिहासास धरून होणार नाही. लीगने करारांच्या नियमांत सुधारणा केल्या. तरीही करार संपल्यावर क्लब बदलण्याचे व्यापक स्वातंत्र्य इंग्लंडमध्ये १९७८ मध्ये आले आणि त्यातही जुन्या क्लबला भरपाई देण्याची तरतूद होती. करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघाच्या सदस्य देशांदरम्यान हस्तांतर-शुल्क मागता येणार नाही, हे तत्त्व बेल्जियमचे खेळाडू बोस्मान यांच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये प्रस्थापित केले.

भारतीय अभ्यासकांनाही हा प्रश्न परका नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्यवत ठरतो. मूळचे श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्या जाहिरातविषयक कराराच्या प्रकरणात, कराराची मुदत संपल्यानंतरही खेळाडूला बांधून ठेवणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाच्या आधारे अमान्य केली. खेळ निराळा, देश निराळा. परंतु मुदत संपल्यावर माणूस मोकळा व्हावा, हा गाभा समान आहे.

कारकिर्दीचा उत्तरार्ध

खटल्यामुळे ईस्टहॅम यांच्या खेळास उतरती कळा लागली नाही. आर्सेनलकडून ते दोनशेहून अधिक सामने खेळले. १९६३ ते १९६६ या काळात त्यांनी १९ आंतरराष्ट्रीय सामन्यांत इंग्लंडचे प्रतिनिधित्व केले. १९६६ च्या विश्वविजेत्या संघात त्यांचा समावेश होता. मात्र स्पर्धेतील एकाही सामन्यात त्यांना उतरविण्यात आले नाही. अशा खेळाडूंना विजेतेपदाची पदके मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. १९६६ मध्ये ते स्टोक सिटीत दाखल झाले. ४ मार्च १९७२ रोजी वेम्ब्ली येथे लीग कपच्या अंतिम सामन्यात पस्तिशी ओलांडलेल्या ईस्टहॅम यांनी चेल्सीविरुद्ध निर्णायक गोल केला आणि स्टोकला पहिले मोठे विजेतेपद मिळाले. पुढे काही काळ त्याच क्लबचे व्यवस्थापकपद भूषवून ते दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाले. तेथे वर्णभेदास विरोध करीत त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना प्रशिक्षण दिले. डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

समारोप

कमाल वेतनाची मर्यादा सामूहिक दबावाने हटली. राखीव यादीच्या पद्धतीस मात्र एका व्यक्तीच्या नावाने न्यायालयात जावे लागले. त्या व्यक्तीमागे संघटना नसती तर, किंगाबी यांच्या पराभवानंतर झाले तसे, हा प्रश्न आणखी काही दशके पडून राहिला असता. आणि स्वतःचा प्रश्न सुटल्यावर ईस्टहॅम थांबले असते, तर संघटनेला आपली बाजू मांडण्यास दुसऱ्या वादीची वाट पाहावी लागली असती. ज्या निकालाचा पूर्ण लाभ पुढील पिढ्यांना झाला, त्याची किंमत त्यांनी कारकिर्दीतील मोलाचे महिने देऊन चुकविली. क्रीडा-इतिहासात गोलांच्या तक्त्यांबरोबर करारपत्रांचाही अभ्यास का व्हावा, याचे उत्तर या कारकिर्दीत सापडते.