शालेय यंत्रसाधनांचे नियोजन : दिल्लीची शालेय दूरचित्रवाणी, उपग्रह-प्रयोग व 'क्लास' प्रकल्प

इ. स. १९६१ च्या ऑक्टोबर महिन्यात दिल्लीतील उच्च माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीवरून नियमित पाठ दाखविण्यास आरंभ झाला. पुढे १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले, आणि १९८४-८५ साली 'क्लास' या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या प्रकल्पाद्वारे माध्यमिक शाळांत संगणकाचा प्रवेश झाला. या तीन योजनांचा वृत्तान्त बहुधा यंत्रांच्या प्रगतीचा वृत्तान्त म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो सांगितला म्हणजे एक चढती पायरी सहज दृष्टीस पडते. तथापि शाळेचे वेळापत्रक, शिक्षकाची तयारी आणि यंत्र बिघडल्यानंतरची व्यवस्था या बाजूंनी पाहू लागल्यास ही पायरी टिकत नाही. तिन्ही योजनांत आरंभाची तरतूद होती. निर्वाहाची तरतूद मात्र उत्तरोत्तर क्षीण होत गेली. तिघींपैकी सर्वांत साधी योजनाच दीर्घकाळ चालली, ही गोष्ट शैक्षणिक नियोजनाच्या अभ्यासकांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही.

दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले होते. त्यानंतर दोन वर्षांनी जी शालेय योजना हाती घेण्यात आली, तिला फोर्ड प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य होते. योजनेचे मूळ एका रोकड्या अडचणीत होते. राजधानीतील माध्यमिक शाळांची संख्या झपाट्याने वाढत होती, परंतु भौतिकी व रसायन शिकविणारे शिक्षक आणि प्रयोगशाळा त्या प्रमाणात उपलब्ध नव्हत्या. एका चांगल्या शिक्षकाने एका सुसज्ज प्रयोगशाळेत करून दाखविलेला प्रयोग अनेक वर्गांना एकाच वेळी पाहता यावा, एवढाच मर्यादित हेतू तेथे होता. या मर्यादेमुळेच योजना आटोपशीर राहिली. शहर एक, शिक्षण-संचालनालय एक, पाठ्यक्रमही एक. त्यामुळे कोणत्या आठवड्यात कोणता पाठ दाखवावयाचा हे आधी ठरविता येई आणि शाळांना कळविता येई. पडद्यावरील पाठापूर्वी वर्गशिक्षकाने विषयाची प्रस्तावना करावी व पाठ संपल्यावर चर्चा घ्यावी, अशी अपेक्षा होती. वर्गशिक्षकाला दूर न सारता त्याच्या हाती एक जादा साधन देण्याचा हा प्रकार होता.

या योजनेचे मूल्यमापन समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी केले. दूरचित्रवाणीचे पाठ पाहिलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी इतरांच्या तुलनेत काहीशी सरस आढळली. निष्कर्ष नेत्रदीपक नव्हता, आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही योग्य ठरली नसती. योजना मात्र परकीय साहाय्याचा काळ संपल्यावरही चालू राहिली, कारण पाठ तयार करणे, वेळापत्रक आखणे आणि शाळांशी संपर्क राखणे ही कामे कायमस्वरूपी स्थानिक यंत्रणांच्या नित्य कामकाजात मिसळून गेली होती. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर तेथूनही शालेय पाठ दाखविले जाऊ लागले.

उपग्रह-प्रयोगाची कल्पना मुळातच वेगळ्या जातीची होती. विक्रम साराभाई यांचे म्हणणे असे की, दूरचित्रवाणी शहरांतून हळूहळू खेड्यांकडे झिरपू देण्याऐवजी उपग्रहाच्या द्वारे ती सर्वांत मागासलेल्या खेड्यांत प्रथम न्यावी. सप्टेंबर १९६९ मध्ये भारताचा अणुशक्ती विभाग आणि अमेरिकेची 'नासा' यांच्यात करार झाला, आणि अमेरिकेचा ए. टी. एस.-६ हा उपग्रह एक वर्षापुरता भारताला वापरावयास मिळावा असे ठरले. साराभाईंचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाले. प्रयोग प्रत्यक्षात आला तेव्हा त्याची धुरा अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक यश पाल यांच्याकडे होती. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, म्हणजे बरोबर एक वर्ष, हा प्रयोग चालला.

नियोजन या शब्दाला पूर्णपणे पात्र असे काम भारतीय शिक्षणाच्या क्षेत्रात कोठे झाले असेल, तर ते येथे. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या राज्यांतील खेडी विखुरलेली न निवडता गटागटांनी निवडण्यात आली. एका गटातील खेड्यांना एकाच दुरुस्ती-केंद्रातून वाहनाने जाता यावे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. नेमके हेच सूत्र पुढील काळातील अनेक योजनांतून गळालेले दिसते. उपग्रहाकडून थेट संदेश घेणारी सुमारे १० फूट व्यासाची आकाशिका कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा साध्या तारेच्या जाळीची करण्यात आली. ती स्वस्त होती आणि खेड्यात उभारता येण्याजोगी होती. ग्रहणसंच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने बनविले. जेथे वीज नव्हती अशा काही ठिकाणी विद्युत्-घटांवर चालणारे संच देण्यात आले. परिणामी, रस्ता धड नसलेल्या खेड्यांतही बहुसंख्य संच वर्षभर चालू अवस्थेत राहिले. ही कामगिरी अभियांत्रिकीची होती तितकीच व्यवस्थापनाचीही होती.

शिक्षणाचा भाग सकाळच्या दीड तासात बसविलेला होता. हिंदी, कन्नड, ओरिया व तेलुगू या चार भाषांपैकी प्रत्येकीच्या वाट्यास साडेबावीस मिनिटे येत आणि पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम होत. मुलांच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांचे काम मुंबईत चाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता, आणि पाठ्यपुस्तकातील विधाने पाठ करविण्याऐवजी मुलांना सभोवतालच्या वस्तूंकडे कुतूहलाने पाहावयास लावावे अशी त्यांची दृष्टी होती. याखेरीज प्राथमिक शिक्षकांसाठी सुटीच्या काळात विज्ञान-अध्यापनाचे १२ दिवसांचे वर्ग घेण्यात आले. दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष करून पाहावयाच्या कृती यांची त्यात सांगड होती, आणि दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ५०,००० शिक्षकांना त्याचा लाभ झाला. सबंध प्रयोगातील हा भाग शैक्षणिकदृष्ट्या सर्वांत सकस होता, असे मत नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. मुलांच्या कार्यक्रमांपेक्षा त्याची प्रसिद्धी मात्र पुष्कळच कमी झाली.

दोषही नियोजनातच दडलेले होते. साडेबावीस मिनिटांचा एकच कार्यक्रम पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाने एकत्र बसून पाहावयाचा, ही तडजोड प्रक्षेपणाच्या वेळेने लादलेली होती. अध्यापनशास्त्राशी तिचा काही संबंध नव्हता. चार भाषांत चार राज्यांचे पाठ्यक्रम जरी बसविता आले असते, तरी प्रत्यक्षात राज्ये सहा होती आणि हिंदी भाषेचा कार्यक्रम बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या तिघांना मिळून होता. या तीन राज्यांतील खेड्यांत मूल घरी जी बोली बोलते ती प्रमाण हिंदीपासून किती दूर असते, हे वेगळे सांगावयास नको. मूल्यमापनाचा विचार येथे आरंभापासून झाला होता. मानवशास्त्राचे अभ्यासक काही खेड्यांत मुक्काम करून राहिले, आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही मुलांवरील परिणामांचा अभ्यास केला. भाषेचा विकास आणि शाळेबाहेरील साधनांतून ज्ञान मिळविण्याची ओढ या बाबतींत अनुकूल फरक दिसला. पटसंख्या व गळती यांवर मात्र फारसा परिणाम आढळला नाही. दुसऱ्या निष्कर्षाने पुष्कळांची निराशा झाली. परंतु ज्या मुलीला धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी राहावे लागते, ती सकाळच्या साडेबावीस मिनिटांसाठी शाळेत नाव घालील असे मानणेच मुळात भाबडेपणाचे होते.

खरा प्रश्न १ ऑगस्ट १९७६ या दिवशी उभा राहिला. उपग्रह दुसऱ्याचा होता आणि कराराप्रमाणे तो परत गेला. जयपूर, रायपूर, मुझफ्फरपूर, संबळपूर, हैदराबाद व गुलबर्गा येथे भूप्रक्षेपण केंद्रे उभारून काही खेड्यांची सोय करण्यात आली, पण ती २४०० पैकी काही अंशांचीच. भारताचा स्वतःचा उपग्रह इन्सॅट-१ ए एप्रिल १९८२ मध्ये सोडण्यात आला व काही महिन्यांतच निकामी झाला. इन्सॅट-१ बी आकाशात गेला तो ३० ऑगस्ट १९८३ रोजी. म्हणजे सात वर्षे गेली. १९७५-७६ साली पहिलीत बसलेले मूल तोवर सर्व प्राथमिक वर्ग ओलांडून गेले होते, अर्थात् मध्येच शाळा सोडली नसेल तर. खेड्यांच्या निवडीपासून जाळीच्या आकाशिकेपर्यंत प्रत्येक बारकावा ज्यांनी विचारात घेतला, त्यांना हा दिवस दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. प्रयोग म्हणूनच तो योजिलेला होता, आणि राष्ट्रीय उपग्रह-व्यवस्थेसाठी लागणारा अनुभव त्यातून मिळाला, हे समर्थन अवकाश-संशोधनाच्या दृष्टीने निर्विवाद आहे. शाळेच्या दृष्टीने ते अपुरे पडते. खेड्यातील शिक्षकाने आपल्या वेळापत्रकात एक जागा मोकळी केली होती. ती पुन्हा कशाने भरावयाची, याचे उत्तर कोणत्याही खात्याकडे नव्हते.

'क्लास' प्रकल्पाचा आरंभ इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी १९८४-८५ साली सुमारे २५० शाळांत केला. यंत्र निवडण्यात आले ते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो'. ही निवड वरवर पाहता समंजस होती, कारण ब्रिटिश शाळांत ते यंत्र यशस्वी ठरले होते. परंतु ते कशामुळे यशस्वी ठरले, याची चौकशी पुरेशी झाल्याचे दिसत नाही. ब्रिटनमध्ये त्या यंत्रामागे बीबीसीची १९८२ पासूनची संगणक-साक्षरतेची कार्यक्रममाला होती, यंत्राच्या किमतीचा अर्धा भार उचलणारी उद्योग विभागाची योजना होती, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी व पाठ-सामग्रीसाठी १९८० साली सुरू झालेला स्वतंत्र सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिकी शिक्षण-कार्यक्रम होता. भारतात यंत्र आले. त्याच्या भोवतीचे हे सारे आले नाही. त्याची जागा भरून काढण्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालये, विद्यापीठे व तंत्रविज्ञान संस्था यांना साधन-केंद्रे म्हणून नेमण्यात आले, आणि प्रत्येक शाळेतील दोन-तीन शिक्षकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली म्हणजे यंत्राच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडे जाई. पाठ-सामग्री बहुतांशी इंग्रजी, आणि तीही ब्रिटिश वर्गाला समोर ठेवून केलेली. त्यामुळे ज्या शाळांत इंग्रजी हे माध्यम होते त्यांनाच तिचा काही उपयोग झाला.

प्रकल्पाच्या आरंभीच्या वर्षांचे मूल्यमापन अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राकडे सोपविण्यात आले होते. ज्या संस्थेने खेड्यांची निवड दुरुस्तीच्या वाटा पाहून केली होती, तिच्याच पुढे आता बंद पडलेल्या यंत्रांचा प्रश्न आला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने याच यंत्राची देशी आवृत्ती तयार केली खरी, परंतु तोवर सोळा अंकी यंत्रांची पिढी बाजारात आली होती आणि बत्तीस हजार अक्षरांच्या स्मृतीचे आठ अंकी यंत्र जुने ठरत चालले होते. तरीही शाळांची संख्या वाढतच राहिली आणि १९९० च्या सुमारास ती अडीच हजारांच्या घरात गेली. येथे एका समकालीन घटनेचा निर्देश करणे उचित होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार १९८७ साली 'खडू-फळा' मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व किमान साहित्य मिळावे हा तिचा उद्देश होता. संगणक आणि फळा यांची तरतूद एकाच दशकात, एकाच देशात, दोन निराळ्या कागदांवर होत होती. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. त्यांचा परस्परांशी मेळ कोठे घातला गेला नाही, आणि तो घालावयाचा असतो ही जाणीवही नियोजन-दस्तऐवजांत क्वचितच आढळते.

आठव्या पंचवार्षिक योजनेत 'क्लास' केंद्रपुरस्कृत योजना म्हणून नव्या स्वरूपात चालविण्यात आला, आणि डिसेंबर २००४ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रविद्येच्या शालेय योजनेत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षणासाठीच वाहिलेला एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला होता.

इन्सॅटच्या काळात निर्माण झालेल्या संस्थांपैकी एक पुण्यात होती. राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था, अर्थात् 'बालचित्रवाणी', १९८४ साली स्थापन झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणे हेच तिचे काम होते. उपग्रह-प्रयोगात जी उणीव सर्वांत ठळकपणे जाणवली होती, म्हणजे मुलाच्या भाषेत व त्याच्या राज्याच्या पाठ्यक्रमाला धरून होणारी पाठ-निर्मिती, ती भरून काढणारी ही व्यवस्था होती. मराठी शाळांतील एका पिढीला तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून परिचित झाले. तिची उभारणी मात्र केंद्राच्या अर्थसाहाय्यावर झालेली होती. ते आटल्यानंतर तिचा भार कोणी उचलावयाचा, याचा निर्णय वर्षानुवर्षे लांबणीवर पडत गेला, आणि २०१७ साली संस्था बंद करण्यात आली. 'दीक्षा' हा राष्ट्रीय डिजिटल पाठ-मंच सुरू झाला तो त्याच वर्षी, ५ सप्टेंबर रोजी.